पावसाळ्याआधी इग्निशनच्या जोडण्या: गंज कुठे धरतो आणि कसा रोखायचा

जुलैमधली तक्रार ठरलेली असते. पेट्रोल गाडी सकाळी सुरू होते, पण पहिली पाच-दहा मिनिटे इंजिन थरथरते, चढाला ओढत नाही, चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो. इंजिन तापले की सगळे सुरळीत. गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत दोष गायब झालेला असतो, म्हणून आधी स्पार्क प्लग बदलतात, मग एक कॉइल (प्लगला ठिणगीसाठी उच्च व्होल्टेज देणारा भाग), मग उरलेल्या कॉइल. पुढच्या पावसात पुन्हा तेच. अशा वेळी कॉइल बहुतेकदा ठणठणीत असते. बिघाड तिच्याकडे येणाऱ्या वायरीच्या टोकाला, कपलरच्या (वायर कॉइलला जोडणाऱ्या प्लास्टिकच्या खटक्याच्या) आतल्या पिनेवर असतो.

एवढ्याशा थराने इतका फरक का पडतो, ते साध्या हिशोबाने कळते. कॉइल भरताना तिच्या प्राथमिक वेटोळ्यातून क्षणभर साधारण ६ ते ८ अँपिअर करंट जातो. जोडणीत अर्धा ओहम रोध आला, तर ७ अँपिअरला साडेतीन व्होल्ट वाटेतच खर्च होतात. १२ व्होल्टची कॉइल साडेआठ-नऊवर भरते, ठिणगी कमकुवत पडते. थंड इंजिन, ओलसर हवा किंवा चढावरचा भार, यातले काहीही आले की ती ठिणगी कमी पडते. दिवा नुसता पेटून न राहता लुकलुकत असेल, तर गाडी तशीच दामटू नका. न जळलेले पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) जाळते, आणि त्याच्या किमतीत कॉइलचे अख्खे सेट येतात.

गंज धरतो कसा

कपलरमधल्या पिना तांब्याच्या मिश्रधातूच्या असतात आणि त्यांवर काही मायक्रॉन जाडीचा कथिलाचा मुलामा असतो. तो शाबूत आहे तोवर पिना टिकतात. गंज तीन वाटांनी शिरतो.

पहिली वाट पाण्याची. नुसत्या पाण्यापेक्षा मिठाचे पाणी वाईट. अलिबाग, मालवण, वसई किंवा गोव्याच्या किनारपट्टीवर उभी राहणारी गाडी पाऊस नसतानाही खारी हवा खात असते. मिठाचे कण ओलावा धरून ठेवतात, त्यात पिनेला व्होल्टेज मिळाले की विद्युत अपघटन सुरू होते आणि धन बाजूची पिन विरघळू लागते. तीन पिनांच्या ओल्या कपलरमध्ये म्हणूनच दोन पिना चकचकीत आणि एक हिरवी, टोकाला कुरतडल्यासारखी दिसते. ती पिन पुरवठ्याची असते. कॉइलच्या पिनेवर हे चावी ऑन असेपर्यंत चालते, बॅटरीला थेट जोडलेल्या वायरींत मात्र चोवीस तास.

दुसरी वाट कंपनाची. हिला पाणी लागतच नाही. मादी पिनेची (जिच्या भोकात समोरची नर पिन शिरते तिची) पकड सैल झाली की इंजिनच्या थरथरीने दोन्ही पिना एकमेकींवर अगदी बारीक घासतात. दर घासणीला नवे कथिल उघडे पडते, त्याचे ऑक्साइड होते आणि संपर्काच्या जागी काळे ठिपके जमतात. बाहेरून कपलर कोरा दिसतो, पण संपर्क गेलेला असतो.

तिसरी वाट वायरीच्या पोटातून जाते. सोललेल्या किंवा टोचलेल्या जागेतून शिरलेले पाणी तारांच्या बारीक फटींतून इन्सुलेशनच्या आत वातीसारखे चढत जाते. मग टोकाला चांगली दिसणारी वायर आत वीतभर काळी पडलेली निघते.

कंपनीतून आलेला सीलबंद कपलर न छेडता दहा-पंधरा वर्षे सहज टिकतो. तो उघडा पडतो तो बहुधा माणसाच्या हाताने: इंजिनवर प्रेशर पंपाचा फवारा, टेस्टरच्या सुईने टोचलेली वायर, ओढून काढलेला कपलर, हरवलेली रबरी रिंग, आणि अलार्म किंवा जीपीएस बसवताना मारलेला जोड. म्हणून खालची बरीचशी कामे गंज साफ करण्याची कमी आणि ही दारे बंद करण्याची जास्त आहेत.

काय जवळ ठेवावे

प्लास्टिकला न खाणारा कॉन्टॅक्ट क्लीनर, डायइलेक्ट्रिक सिलिकॉन ग्रीसची छोटी ट्यूब, जुना टूथब्रश, दातांच्या फटींसाठी मिळतो तो बारीक ब्रश (मादी पिनेत तोच नीट जातो), डिजिटल मल्टिमीटर, २१ वॅटचा इंडिकेटर बल्ब दोन वायरी जोडून, १० चा पाना, क्रिंपिंग पक्कड, आतून गोंद असलेली ३:१ हीट श्रिंक ट्यूब आणि कापडी हार्नेस टेप. पॉलिश पेपर आणायचा नाही. त्याने पिन चमकते खरी, पण मुलामा निघून जातो आणि पुढचा गंज लवकर येतो. नेहमीचा निळ्या डब्यातला डब्ल्यूडी-४० पाणी हटवायला ठीक आहे. मात्र तो ग्रीसची जागा घेत नाही आणि मागे राहिलेल्या तेलकट थराला धूळ चिकटते.

आधी बॅटरी आणि अर्थिंग

कपलरकडे वळण्याआधी ही दोन टोके तपासा, कारण इथला दोष अख्ख्या इग्निशनला लागतो. इंजिन थंड असताना आधी ऋण टर्मिनल काढा, मग धन. क्रम उलटा झाला आणि धन सोडवताना पाना बॉडीला टेकला, तर थेट शॉर्ट होतो. टर्मिनलवर पांढरा-निळसर बुरा असेल, तर एक कप कोमट पाण्यात एक मोठा चमचा खाण्याचा सोडा मिसळून ब्रशने लावा. फेस येणे थांबेपर्यंत घासा, साध्या पाण्याने पुसा, वाळू द्या. बॅटरीला झाकणे असतील तर ती घट्ट आहेत ना, हे आधी पाहा. सोड्याचे पाणी सेलमध्ये जाता कामा नये. जोडताना आधी धन, मग ऋण. पेट्रोलियम जेली नट आवळल्यानंतर वरून लावायची, आधी आतून चोपडायची नाही. बुरा दोन महिन्यांत परत आला, तर तो साफ करत बसण्यापेक्षा चार्जिंग मोजा. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. सतत त्याहून जास्त असेल, तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर बॅटरी उकळवतो आहे.

अर्थिंगकडे सहसा कोणी पाहत नाही. प्लगच्या ठिणगीचा परतीचा रस्ता सिलेंडर हेडमधून जातो, आणि इंजिनपासून बॉडीपर्यंतची पट्टी किंवा जाड वायर गंजली की करंट भलत्याच वाटा शोधतो. बोल्ट सोडून लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) आणि बॉडी दोन्ही वायर ब्रशने चकचकीत धातूपर्यंत घासा. दातेरी वॉशर घालून आवळा आणि वरून जेलीचा किंवा रंगाचा हात द्या. मग मोजा: मीटर २० व्होल्ट डीसीवर, एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर (क्लॅंपवर नव्हे), दुसरे सिलेंडर हेडच्या उघड्या धातूवर. इंजिन चालू, हेडलाइट चालू असताना ०.१ व्होल्टच्या आत आकडा हवा. स्टार्टर फिरताना तो वाढतो, तेव्हा ०.२ च्या आसपास ठीक. अर्ध्या व्होल्टकडे गेला तर पट्टीच बदला.

कॉइलचा कपलर उघडताना

हल्लीच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असते आणि तिला दोन, तीन किंवा चार पिनांचा कपलर. कथिलाच्या मुलाम्याच्या पिना साधारण दहा वेळा काढ-घाल करण्यासाठीच बनवलेल्या असतात. “जरा बघूया” म्हणून दर महिन्याला कपलर उघडणे हाच त्याला लागलेला रोग. वर्षातून एकदा, मे अखेरीस, पुरे.

चावी बंद, बॅटरीचे ऋण टर्मिनल सुटे, इंजिन हाताला कोमट. अगदी थंड इंजिनवर जुने प्लास्टिक कडक असते आणि लॉकची जीभ तुटते. जीभ दाबण्याआधी कपलर किंचित आत ढकला, म्हणजे लॉकवरचा ताण जातो. मग जीभ दाबून कपलरचे अंग धरून बाहेर ओढा, वायरी धरून नाही. काही कपलरला लाल किंवा पिवळे दुय्यम लॉक असते, ते आधी मागे सरकवावे लागते.

उजेडात आत पाहा. तोंडाशी रबरी रिंग असायला हवी. आधीच्या एखाद्या कामात ती कॉइलच्या बाजूला चिकटून राहिलेली असते, फाटलेली असते, किंवा नसतेच. मागच्या बाजूला प्रत्येक वायरीला छोटे रबरी सील आणि रिकाम्या खाच्यांत डमी प्लग हवेत. एक डमी पडला असेल, तर पाण्याला कायमचे भोक मिळाले समजा. पिनेवर पातळ राखाडी थर असेल तर काम सोपे. हिरवा जाड थर असेल, पिन बारीक झाली असेल किंवा प्लास्टिक तपकिरी पडले असेल, तर साफसफाईने निभत नाही. तपकिरी रंग उष्णतेचा असतो आणि ती उष्णता पिन सैल असल्यामुळे आलेली असते.

कपलरचे तोंड खाली करून क्लीनरचा दोन-तीन सेकंदांचा फवारा मारा, बारीक ब्रश फिरवा, पुन्हा फवारा, आणि पंधरा-वीस मिनिटे वाळू द्या. हे द्रावण पेट घेते, म्हणून गरम एक्झॉस्ट आणि सिगारेट दोन्ही दूर.

मग पकड तपासा. त्याच मापाची एक सुटी नर पिन मादी पिनेत घालून बाहेर ओढून पाहायची. हलका, एकसारखा अडथळा जाणवला पाहिजे. पिन अलगद सुटली, तर तिच्यावर कितीही ग्रीस लावून उपयोग नाही. मल्टिमीटरचे जाड टोक या भोकात खुपसू नका. त्याने पकड कायमची उघडते, आणि आज नसलेला दोष सहा महिन्यांनी सुरू होतो. गॅरेजमध्ये तपासणीच्या नावाखाली जेवढे कपलर खराब होतात, तेवढे पावसाने होत नसतील.

ग्रीस किती आणि कुठे

डायइलेक्ट्रिक ग्रीस वीज वाहत नाही. त्याचे काम पाणी बाहेर ठेवण्याचे. म्हणून ते मुख्यतः रबरी रिंगवर लावायचे: एका कपलरला मुगाच्या दाण्याएवढे, बोटाने रिंगवर पसरून. पुरवठ्याच्या पिनेवर नुसता पातळ हात चालतो, कारण पिना एकमेकींवर दाबल्या गेल्यावर ते बाजूला सरते. क्रँक आणि कॅम सेन्सरच्या (इंजिन फिरताना कुठे आहे हे सांगणाऱ्या) कपलरमध्ये करंट अगदी कमी असतो, तिथे फक्त रिंगला लावा, पिनांना नाही. पोकळी ग्रीसने ठासून भरली, तर कपलर घालताना आतली हवा अडते, लॉक पूर्ण बसत नाही किंवा मागचे सील ढकलले जाते. बसताना “टक” असा आवाज यायला हवा. आला नाही, तर उघडून पाहा. ऑक्सिजन सेन्सरच्या जवळपास सिलिकॉन ग्रीस फिरकू देऊ नका. सिलिकॉनची वाफ त्या सेन्सरला निकामी करते.

कॉइलखालचे रबरी बूट वेगळे प्रकरण आहे. कॉइलचा बोल्ट (बहुधा १० च्या डोक्याचा) काढून कॉइल थोडी फिरवत सरळ वर उचला. प्लगच्या विहिरीत पाणी असेल, तर प्लग खोलण्याआधी ते हवेने किंवा कागदाच्या गुंडाळीने काढा, नाहीतर सगळे सिलेंडरमध्ये जाईल. पाण्याऐवजी तेल असेल, तर रॉकर कव्हरचे (इंजिनच्या वरच्या झाकणाचे) सील गेले आहे. ते न बदलता नवा बूट घातला तर तोही फुगेल. बुटातली स्प्रिंग तांबरली असेल किंवा रबरावर केसासारखी काळी रेघ दिसत असेल, तर तिथून ठिणगी हेडकडे पळत होती. बहुतेक गाड्यांना बूट आणि स्प्रिंग सुटे मिळतात, कॉइल फेकायची गरज नसते. बुटाच्या तोंडाच्या आतल्या कडेला तुरीच्या दाण्याएवढे ग्रीस फिरवा, स्प्रिंगच्या टोकाला नाही. कॉइलचा बोल्ट १० न्यूटन-मीटरच्या आसपासच आवळायचा असतो. जोर लावला तर अॅल्युमिनियमचा आटा जातो.

डिस्ट्रिब्युटर असलेल्या जुन्या गाड्यांत, जुनी मारुती ८०० असेल तर, हायटेन्शन वायरींची टोके आणि डिस्ट्रिब्युटरच्या टोपीतले खांब पाहावे लागतात. वायरी एकेक करून काढा आणि लगेच परत घाला, सगळ्या एकदम काढल्या तर फायरिंगचा क्रम चुकतो. टोपीतले खांब पांढरे-हिरवे झाले असतील तर खरवडू नका, टोपी आणि रोटर बदला. रात्रीच्या अंधारात इंजिन चालू करून दुरून स्प्रे बाटलीने वायरींवर नुसते धुके सोडले, तर गळणारी वायर निळसर चमकते. हात लावायचा नाही, तिथे हजारो व्होल्ट असतात.

रोध ओहममध्ये मोजू नका

मल्टिमीटर ओहमवर ठेवून वायर मोजली, तर शेवटची एकच तार धरून असलेली वायरही “चांगली” दाखवते, कारण मीटर त्यातून नगण्य करंट सोडतो. खरी परीक्षा भाराखाली होते. २१ वॅटचा बल्ब त्यासाठीच. तो १२ व्होल्टला सुमारे पावणेदोन अँपिअर खेचतो.

बॅटरी परत जोडा, कपलर कॉइलपासून सुटाच ठेवा, चावी ऑन करा. बल्बची एक वायर (टोकाला योग्य मापाची पिन लावून) पुरवठ्याच्या पिनेत, दुसरी बॅटरीच्या ऋण खांबावर. आता बॅटरीच्या दोन खांबांवरचे व्होल्टेज आणि बल्बच्या दोन टोकांवरचे व्होल्टेज मोजून वजाबाकी करा. फरक ०.२ व्होल्ट आला, तर रोध साधारण ०.११ ओहम आहे. कॉइलच्या ७ अँपिअरला तोच फरक ०.८ व्होल्ट होईल, म्हणजे लक्ष ठेवण्याजोगा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, तर दोष शोधलाच पाहिजे. बॅटरी, फ्यूज, रिले आणि कपलर असे एकेक टप्प्यावर मीटर नेत जा. जिथे आकडा उडी घेतो, तिथे गंज आहे. काही गाड्यांत चावी ऑन केल्यावर हा पुरवठा दोन-तीन सेकंदच येतो, तेवढ्यात वाचन घ्यावे लागते.

हा बल्ब पुरवठ्याच्या पिनेशिवाय कुठेही लावू नका. ईसीयूकडून (इंजिनचा कारभार पाहणाऱ्या संगणकाकडून) येणाऱ्या सिग्नलच्या किंवा सेन्सरच्या ५ व्होल्टच्या वायरीला लावला, तर ईसीयूचे आउटपुट जळू शकते. पुरवठ्याची पिन कोणती, हे गाडीच्या वायरिंग आकृतीत पाहून ठरवा. रंगावर विसंबू नका.

चावीच्या स्विचखालचे जोड

स्टिअरिंगखाली इग्निशन स्विचचा मूळ कपलर केबिनमध्ये कोरडा असतो, तो स्वतःहून फारसा बिघडत नाही. पण अलार्म, सेंट्रल लॉक, स्टिरिओ, जीपीएस ट्रॅकर, सगळ्यांना “चावीनंतरचा करंट” याच वायरीतून हवा असतो. ब्लेडने इन्सुलेशन सोलायचे, दुसरी वायर गुंडाळायची, वरून काळी टेप. दोन उन्हाळ्यांत टेपचा गोंद पाघळतो, जोड उघडा पडतो आणि तांबे काळे होते. वायर कापून दाबून बसवायचे प्लास्टिकचे झटपट कनेक्टर याहून फार बरे नाहीत, ते मूळ वायरीच्या तारा तोडतात.

असा जोड सापडला, तर जोडाच्या दोन्ही बाजूंना चकचकीत तांबे दिसेपर्यंत वायर मागे कापा. दहा सेंटिमीटर मागे येऊनही तारा काळ्या असतील, तर तेवढा तुकडा त्याच जाडीच्या नव्या वायरीने बदला. टोक पाच-सहा मिलिमीटर सोला, गोंदाची हीट श्रिंक ट्यूब आधी वायरीवर चढवून ठेवा (हे सगळेच एकदा विसरतात), बट कनेक्टर (दोन टोके जोडणारी धातूची नळी) पकडीच्या योग्य खाच्यात दाबून क्रिंप करा आणि ओढून पाहा. ट्यूब जोडाच्या दोन्ही बाजूंना १५ ते २० मिलिमीटर पुढे हवी. दोन्ही टोकांतून गोंदाचा थेंब बाहेर डोकावेपर्यंत गरम हवा द्या. बॉनेटखाली नुसते सोल्डरिंग टाळा: सोल्डर तारांत वर चढते, वायर तिथे ताठ होते आणि कंपनाने नेमकी त्याच कडेला तुटते. करायचेच असेल तर रोझिनचे फ्लक्स वापरा. पत्र्याच्या कामाचे आम्लाचे फ्लक्स आतून वायर खात राहते.

अॅक्सेसरीचा पुरवठा घ्यायला फ्यूज बॉक्समध्ये बसणारा फ्यूज टॅप हा योग्य मार्ग, आणि तोही इग्निशन किंवा ईसीयूच्या फ्यूजवर नाही. दुकानदाराला हे आधीच सांगा. एकदा वायर सोलली की गेली.

इथेच विंडस्क्रीनखालच्या काउलमध्येही (काचेच्या पायथ्याच्या खोबणीत) डोकावा. आंब्या-जांभळाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत वाळकी पाने पाण्याच्या निचऱ्याची भोके बुजवतात, मग पाणी ब्लोअरच्या वाटेने केबिनमध्ये आणि काही गाड्यांत थेट फ्यूज बॉक्सवर उतरते. पाच मिनिटांचे काम आहे.

वायरींची मांडणी

कपलरमध्ये वायर वरून उतरत असेल, तर पाणीही तिच्यावरून ओघळत थेट सीलशी पोहोचते. कपलरच्या आधी वायरीला खाली झुकलेला छोटा वळसा द्या, म्हणजे थेंब वळशाच्या तळाशी गळून पडतो. पन्हळीदार प्लास्टिक नळीची चीर खाली ठेवा. पीव्हीसी टेप इंजिनजवळ वापरू नका, कापडी हार्नेस टेप लावा.

अख्खा कपलर सिलिकॉन सीलंटने लिंपून टाकण्याची पद्धत सोडून द्यावी. व्हिनेगरसारखा वास येणारे सीलंट सुकताना असेटिक आम्ल सोडते आणि तेच तांब्याला हिरवे करते. शिवाय आत राहिलेला ओलावा कोंडला जातो.

इंजिन धुवायचेच असेल, तर ओल्या फडक्याने पुसा. प्रेशर पंपाच्या फवाऱ्यासमोर हे सील टिकत नाहीत.

गाडी पुरात बुडाली तर

चिपळूणमध्ये जुलै २०२१ च्या पुरात असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. पाणी ओसरल्यावर पहिला मोह होतो तो चावी फिरवून पाहण्याचा. ओल्या कपलरांना व्होल्टेज मिळाले की वर सांगितलेले अपघटन तिथल्या तिथे सुरू होते आणि वाचण्याजोग्या पिना काही तासांत जातात. सिलेंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, ते वेगळेच. आधी बॅटरीचे ऋण टर्मिनल काढा. मग बुडालेले कपलर सोडवून गाळ स्वच्छ पाण्याने धुवा. खाडीचे किंवा भरतीचे पाणी असेल, तर शेवटचा हात डिस्टिल्ड पाण्याचा, कारण मीठ वाळून आत राहिले तर पुढच्या दमट दिवशी पुन्हा ओले होते. त्यानंतर कॉन्टॅक्ट क्लीनर, आणि कपलर उघडे ठेवून किमान एक दिवस वाळवणे. एअरबॅगचे (बहुधा पिवळे) कपलर मात्र सोडवू नका, ते अधिकृत वर्कशॉपसाठी ठेवा. ईसीयूचा कपलर सोडवल्यावर त्यातून पाणी गळले, तर ईसीयू उघडून वाळवून घेईपर्यंत बॅटरी जोडू नका.